तेल पाजलेला टायर

भेग दिसली की भिकूतात्यांचा हात तेलाच्या बाटलीकडे जायचा. ते त्यांच्या आयुष्यभराचं वळण होतं.

रिहे गावातल्या त्यांच्या घराचा उंबरा सागवानी. उन्हाळ्यात तो तडकू लागला की तात्या त्याला जवसाचं तेल पाजत. बैलगाडी होती तेव्हा चाकांचे आरे आणि जू यांना जळकं ऑइल. वहाणांना एरंडेल. आणि भातलावणीच्या चिखलात रत्नाबाईंच्या टाचा फुटल्या की आमसुलाचं तेल. ते वाटीत गरम करून तात्या उंबऱ्याशी बसत.

"पाय कर हिकडं."

"लोकं बघत्यात," रत्नाबाई म्हणत.

"बघू दे. टाच माझ्या बायकूची हाय, लोकांच्या न्हाई."

"कोरडं पडलं की तडकतं, तेल पाजलं की ऱ्हातं," एवढंच त्यांचं शास्त्र. लाकडाच्या बाबतीत ते खरं ठरलं होतं. चामड्याच्या आणि टाचेच्या बाबतीतही. म्हणून मोटारसायकलच्या टायरच्या बाबतीत ते खोटं ठरेल असं त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं.

मोटारसायकल घरात आली ती बैल गेल्यावर. मोऱ्या म्हातारा होऊन गेला. जोडीदार गेल्यावर चांद्या जू घेईना. तात्यांनी त्याला पौडच्या पाव्हण्यांकडे सोडला आणि त्याच्या जागी ही गाडी आणली. चांद्याच्या दावणीलाच ती उभी राहू लागली, तोंड गव्हाणीकडे आणि मागचं चाक बाहेर. "गाडी लावली" असं तात्या कधी म्हणाले नाहीत. "गाडी बांधली" म्हणायचे. चढावर तिला "चल बाय, चल" म्हणायचे. वाटेवरच्या चांदे गावातली माणसं त्यांना लांबूनच ओळखायची. हँडल असं सैल धरून, मागे रेलून, कासऱ्यानं बैल हाकल्यासारखी गाडी चालवणारा दुसरा माणूस त्या रस्त्याला नव्हता.

रोज सकाळी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून तात्या निघत. घोटावडे, मुळखेड, चांदे, नांदे ही गावं मागे टाकत मग सूस. सुसमधल्या सोसायट्यांत दूध घालत घालत शेवटी एका इमारतीपाशी येत. तिच्या सातव्या मजल्यावर जनार्दन राहत. जनार्दन म्हणजे रत्नाबाईंचे थोरले भाऊ, तात्यांचे मेव्हणे. रत्नाबाईंचं माहेरच सूस. ती इमारत उभी होती ती जनार्दन यांच्याच ज्वारीच्या रानात.

"माझ्या हिरीवर आता मोटारी उभ्या ऱ्हात्यात," जनार्दन सांगत. त्यात तक्रार नसे. नुसतं आश्चर्य असे, आणि ते रोज नवं असे.

मुलगा-सून कामाला गेले की एवढ्या घरात ते एकटेच. गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद झालेलं. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून ते रस्त्याकडे बघत बसत. तात्यांच्या गाडीचा आवाज ते सात मजल्यांवरून ओळखत. तात्या वर पोचेपर्यंत चहा बशीत ओतलेला असे.

"दाजी, काय म्हणतंय गाव?"

"गाव काय म्हणणार? बसलंय."

"हरभरा?"

"आलाय घाट्यावर. आणीन शेंगा उद्या."

मग तात्या दुसऱ्या दिवशी डहाळे घेऊन येत. दोघं ते सोलून खात आणि टरफलं गॅलरीतून खाली टाकावीत की टाकू नयेत यावर वाद घालत. पाऊण-एक तास असा जाई. दुधाचे पैसे सोसायट्यांतून मिळत. पण तात्या रोज पहाटे उठत ते या बशीसाठी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

तात्यांचा मुलगा रोहित हिंजवडीत कामाला. मागच्या वर्षी तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी असलेल्या बापासमोर बसून तो म्हणाला होता, "तात्या, एक सांगून ठेवतो. त्या रस्त्याला आता डंपर किती झालेत बघताय ना. गाडीनं एकदा जरी दगा दिला, तर चावी माझ्याकडं. दुधाला आपण माणूस लावू."

"बरं," तात्या म्हणाले होते. दुसरं काय म्हणणार? एक डोळा बांधलेल्या माणसाला भांडता येत नाही.

तेव्हापासून ते गाडीला जपत होते. आवाज बदलला की थांबायचे. ब्रेक दाबून दाबून बघायचे. आणि मागच्या टायरात हवा जरा कमीच ठेवायचे. हवा टणक असली की खड्ड्यात गाडी आपटते, दूध घुसळलं जातं, आणि नांद्यापर्यंत कॅनच्या तोंडाशी लोण्याचे कण तरंगायला लागतात. गिऱ्हाईक म्हणतं, तात्या, दूध फाटलं का? त्यापेक्षा टायर मऊ बरा. कॅनचं वजन घेऊन तो रोज दबायचा, फुगायचा, दबायचा.

होळीच्या आधी एका दुपारी ते गाडी धूत होते. कॅन काढलेले होते. एरवी डावीकडची खालची बाजू कॅनच्या आड असते, आणि चाकाचा वरचा भाग साडी अडकू नये म्हणून बसवलेल्या जाळीच्या आड. उकिडवे बसून त्यांनी फडकं फिरवलं, आणि बोटाला काहीतरी लागलं.

केसासारख्या रेघा. रिमच्या कडेपासून नक्षीपर्यंत, एकीशेजारी एक. जमिनीला टेकतो तो भाग मात्र भरीव होता. नक्षी खोल होती. फक्त बाजूची कातडी तडकली होती, आणि तीही डावीकडचीच. उजवीकडे त्यांनी बघितलं, तिथे तुरळक काही होतं.

तात्यांनी मान वर केली. दोन वर्षांपूर्वी वादळात गोठ्याचा पश्चिमेकडचा पत्रा उडाला होता. "बसवू, बसवू" म्हणत राहिलाच होता. त्या भोकातून दुपारचं ऊन आत आलं होतं आणि थेट चाकाच्या डाव्या अंगावर पडलं होतं.

"वाळलाय," तात्या स्वतःशी म्हणाले. "कोरडा पडलाय बिचारा."

घोटावड्यातल्या गॅरेजातून त्यांनी जळकं ऑइल आणलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, घर उठायच्या आत, फडक्यानं टायरला ते चोपडलं. वरून खाली, खालून वर, रेघांमध्ये जिरेल असं. टायर काळाकुळकुळीत झाला. रेघा नाहीशा झाल्या. तात्यांनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि त्यांना उंबऱ्याला तेल दिल्यावर वाटायचं तसं वाटलं. समाधान.

आठवडाभर ते समाधान टिकलं. मग रेघा पुन्हा दिसू लागल्या, जरा रुंद होऊन. तात्यांनी पुन्हा तेल दिलं. पुन्हा दिसल्या. उंबरा असं करत नसे. उंबरा तेल पिऊन गप्प होई. हा टायर तेल प्यायचा आणि आणखी तोंड उघडायचा. वर हाताला चिकट लागू लागला. नांद्याच्या मातीच्या रस्त्यावरची धूळ त्याला अशी बसायची की धुवूनही निघत नसे.

तात्यांच्या मनात तेव्हा पहिल्यांदा शंका आली. पण ती बोलायची कुणाला? रोहितला सांगितलं तर चावी गेली. चावी गेली तर गॅलरीतली खुर्ची तशीच बघत बसणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी बाटली गव्हाणीच्या मागे ठेवली आणि पहाटेचा कार्यक्रम चालू ठेवला.

सून गौतमी लवळ्याच्या कॉलेजाच्या ऑफिसात होती. मूळची बार्शीची. कमी बोलायची आणि जास्त बघायची. एका सकाळी ती मोरीवर आली तर साबणाची वडी काळी, नळ काळा, आणि तात्या पंच्यानं हात पुसतायत तर पंचाही काळा.

"तात्या, कशाने काळे झाले हात?"

"चैनीला वंगण दिलं जरा."

"रोज देता?"

"चैन जुनी हाय."

गौतमीनं साबण नळाखाली धरला. काळं पाणी वाहून जाऊ दिलं. मग म्हणाली, "लहानपणी मी सायकलच्या टायरला खोबरेल लावलं होतं. शाळेत सगळ्यांच्या सायकलींपेक्षा माझी चमकायची."

"मंग?"

"मग टायर चिकट झाला. नंतर फुटून फुटून निघाला. बाबा म्हणाले, अगं, केसांना लाव, रबराला कशाला?" ती हसली. "चला, मला उशीर होतोय."

ती गेली. तात्या पंचा हातात धरून उभे राहिले. चोराच्या मनात चांदणं. हिला माहीत आहे का? की सहज बोलली? त्यांना ते कळेना, आणि तिला विचारणंही शक्य नव्हतं. त्या दिवशी ते सुसला फार हळू गेले. नांद्याच्या उतारावर एक डंपर हॉर्न वाजवत मागून आला. तात्या इतके कडेला झाले की चाक मुरमात उतरलं. बुडाखाली गाडी जरा हलल्यासारखी वाटली. कदाचित नुसतं वाटलं असेल.

"दाजी, आज तुमी गप्प," जनार्दन म्हणाले.

"ऊन लई हाय."

"ऊन तर गॅलरीत हाय. तुमी आत बसलाय."

नंतर जनार्दन यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून ते एका शनिवारी घरी आले. रविवारी रत्नाबाईंनी भावाला भेटायला जायचं ठरवलं, म्हणजे तात्यांना सांगितलं. रोहितची कार दारात होती. पण रत्नाबाईंना कारमध्ये मळमळतं. काचा बंद असल्या तर लगेच, उघड्या असल्या तर मुळखेडपर्यंत. लग्नानंतर त्या आधी बैलगाडीत बसल्या आणि मग मोटारसायकलवर, दोन्ही पाय डावीकडे सोडून, एका हातानं कॅरिअर धरून. नवऱ्याला धरून बसायचं त्यांना चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

"कुरडया घेतल्यात, तूप घेतलंय," पिशवी सांभाळत त्या अंगणात आल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. "चला. ऊन चढायच्या आत."

रोहित नळीनं कार धूत होता. गौतमी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तात्यांनी गाडी गोठ्यातून मागे ओढली. आज कॅन नव्हते, दूध शेजारच्या पोराबरोबर पाठवलं होतं. डाव्या बाजूला काहीच आड नव्हतं. पहाटेच तेल दिलेलं. टायर चमकत होता.

"बस," तात्या म्हणाले.

रत्नाबाई बसल्या. त्यांच्या वजनानं मागचं चाक दबलं. तात्या किक मारायला वळले, आणि वळता वळता त्यांची नजर खाली गेली.

पाय ठेवायच्या दांडीवर रत्नाबाईंचं पाऊल होतं. वहाण मागून जरा सरकलेली, टाच उघडी. गुळगुळीत टाच. इतक्या वर्षांचं आमसुलाचं तेल. तिच्या मागे, वीतभर खाली, दबलेल्या टायरचं अंग फुगून बाहेर आलं होतं. त्या फुगवट्यावर तेलाच्या चकाकीखाली रेघा उघडल्या होत्या, भुकेल्या पिलांच्या चोचींसारख्या.

तात्या खाली बसले.

"आता काय ऱ्हायलं?" रत्नाबाई म्हणाल्या.

तात्यांनी एका भेगेवर अंगठा ठेवला आणि दाबला. भेग उघडली. आत पांढरं काही दिसलं. त्यांनी डोळे बारीक केले. सूत होतं ते. टायरच्या आतलं सूत. लुगड्याचा पदर विरला की आडवे धागे दिसतात, तसं.

एकट्यानं असतं तर? तात्यांच्या मनात ते येऊन गेलं. एकट्यानं हळू हळू गेलो असतो. इतके दिवस गेलोच की. पण ते पाऊल तिथेच होतं, आणि ते पाऊल त्यांच्यावर भरवसा ठेवून तिथे टेकलेलं होतं.

"उतर," ते म्हणाले.

"का?"

"उतर म्हणतुया ना."

त्यांचा आवाज ऐकून रोहितनं पाण्याची नळी बाजूला केली. रत्नाबाई पिशवीसकट खाली उतरल्या. तात्यांनी गाडी स्टँडला लावली. मग तिची चावी काढली, कारपाशी गेले आणि रोहितच्या ओल्या हातावर ठेवली.

"मागचा टायर गेलाय," ते म्हणाले. "सूत दिसाय लागलंय."

रोहितनं चावीकडे बघितलं. मग गाडीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. अंगठ्यानं दाबून बघितलं. फडक्यानं तेल पुसलं, आणि पुसल्यावर जे दिसलं त्यानं त्याचा चेहरा उतरला.

"हे कधीपासून आहे?"

"होळीच्या आधीपासनं."

"होळीच्या आधीपासून?" तो उभा राहिला. "आणि रोज ह्याच्यावर सुसला गेलात? नांद्याच्या उतारानं? कॅन घेऊन?"

"व्हय."

"तात्या, हा फुटला असता म्हणजे? मागून डंपर असता म्हणजे? सांगायचं नाही का?"

अंगणात नळीचं पाणी नुसतं वाहत होतं. बोलायला आधी तोंड फुटलं ते रत्नाबाईंना.

"वा! माझ्या टाचंची भेग उंबऱ्यात बसून साऱ्या गावाला दाखवताय, अन् गाडीची झाकून ठेवताय व्हय?"

गौतमीच्या हातातल्या सुपातून चार दाणे सांडले. ती हसू आवरत होती. रोहितला हसू आलं नाही.

"आई, थांब जरा. मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. गाडीनं दगा दिला तर..."

"गाडीनं दिलाय का दगा?" गौतमी सूप बाजूला ठेवत म्हणाली.

"म्हणजे?"

"दिला नाही अजून. तात्यांनी त्याच्या आधी पकडला. तू पाडव्याला ही गाडी धुतलीस ना? तुला दिसलं होतं?"

पाडव्याला रोहितनं गाडी धुतली होती, हार घातला होता, फोटोही काढला होता. फोटोत टायर फार छान दिसत होता.

"चला आता कारनं," तो शेवटी म्हणाला. चावी त्यानं स्वतःच्या खिशात टाकली. तात्यांनी ते पाहिलं.

कारमध्ये रत्नाबाईंनी दाढेखाली आलेपाक धरला आणि डोळे मिटून घेतले. चारी काचा उघड्या होत्या. तात्या पुढे बसले होते. रोजचाच रस्ता, पण कारमधून तो त्यांना ओळखीचा वाटेना. चांदे गावात एक जण हात वर करता करता थांबला. कारमधले तात्या त्याला पटकन कळलेच नाहीत.

जनार्दन पलंगावर होते, गुडघा पट्टीत. बहिणीला बघून त्यांचे डोळे भरले. तात्यांना बघून ते म्हणाले, "दाजी, गाडीचा आवाज न्हाई आला आज. मला वाटलं, न्हाईच आलात."

"कारनं आलो."

"का? रुसलात का गाडीवर?"

तात्यांनी सांगितलं. टायर, ऊन, तेल, पुन्हा तेल. रोहित दाराशी उभा राहून ऐकत होता. पहाटेच्या त्या कार्यक्रमाबद्दल तो पहिल्यांदाच ऐकत होता. जनार्दन हळूहळू हसायला लागले. हसताना गुडघा दुखला, तरी हसत राहिले.

"अवो दाजी, तुमी माझ्या गुडघ्याला बी वरीसभर तेल आणून दिलं की! निरगुडीचं, आणि ते कसलं काळं. मी बी येड्यावानी चोळत बसलो. डाक्टर काय म्हणला म्हाईतीय? म्हणला, बाबा, तेलाची वेळ गेली. झिजलंय ते. बदलायचंच."

"मंग बदललाच की तुमी."

"व्हय. आता तुमी टायर बदला. म्हंजे दोघं बी नवीन."

रोहितनं खाली बघितलं. खिशातला हात त्यानं बाहेर काढला नाही. चहा आला. जनार्दन यांनी तो बशीत ओतला आणि बशी तात्यांकडे सरकवली. "उद्या येणार का?" त्यांनी विचारलं. आवाज सहज होता. तात्यांनी बशी तोंडाला लावली. ती रिकामी होईपर्यंत त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही, आणि नंतर रत्नाबाईंनी कुरडयांचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी रोहितनं सुट्टी घेतली. मोटारसायकलचं मागचं चाक काढून कारच्या डिकीत टाकलं आणि दोघं घोटावडे फाट्याला विलासच्या टायरच्या दुकानात गेले. विलासनं चाक फिरवलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. चार आकडे होते.

"हे ह्याचं वय. कितव्या आठवड्यात अन् कुठल्या साली झाला ते. लई म्हातारा झालाय, तात्या."

"नक्षी तर हाय की अजून."

"नक्षी झिजली न्हाई म्हणून तर माणूस फसतो. नक्षी खालून बघायची, वय बाजूनं." त्यानं बोटावर चिकटा घेतला, हुंगला. "तेल कुणी लावलं?"

"म्या."

"लाकूड तेल पितं. रबराला तेल खातं. ऊन आणि तेल दोन्ही एकदम, मग काय व्हायचं? हवा किती ठेवायचा?"

"कमीच. न्हाईतर दुधाचं लोणी व्हतं."

विलासनं रोहितकडे बघितलं. रोहित पहिल्यांदा हसला. नंतर विलासही हसला, आणि तात्याही, थोडे उशिरा.

"पॅच मारून चालंल का?" तात्यांनी विचारलं. त्यांना बदलण्यापेक्षा दुरुस्त करणं नेहमीच बरं वाटे.

"खाली खिळा लागला तर मारतो की. बाजूला पॅच ऱ्हात न्हाई, ती जागा रोज वाकती. हिला इलाज न्हाई."

नवा टायर बसला. विलासनं हवा भरली, तात्यांना गेजवरचा काटा दाखवला आणि सांगितलं की एवढी, याहून कमी नाही. कॅनखाली पोतं घाला पाहिजे तर. धुवायला साधं पाणी, फार तर साबण. आणि आठवड्यातून एकदा कॅन काढून दोन्ही अंगं बघायची, अंगठ्यानं दाबून. तात्या मान हलवत होते. अंगठ्यानं दाबून बघायचं, हे एवढं तरी त्यांना आधीपासून येत होतं.

परतीच्या वाटेवर रिह्याचा फाटा आला तेव्हा रोहित म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला दिसत नाही म्हणून भीती. पण तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी दिसलं होतं."

"दिसलं तर व्हतं," तात्या म्हणाले. "सांगायचं भ्या वाटलं."

"माझं?"

तात्या खिडकीतून बघत राहिले. भाताची रिकामी खाचरं, कडेला कुणाच्या तरी फार्महाउसची नवी भिंत. "तुझं न्हाई," ते म्हणाले. "तिकडं त्यो खुर्ची टाकून बसतुया ना."

रोहितनं कार अंगणात लावली. मोटारसायकलला चाक बसवलं, नट आवळले. मग घरात गेला. दाराच्या मागे एक खुंटी आहे. चांद्याचा कासरा तिथे टांगलेला असे, आणि तो गेल्यावर मोटारसायकलची चावी. रोहितनं चावी त्या खुंटीला अडकवली आणि बाहेर आला.

"गोठ्याचा उडालेला पत्रा कुठं ठेवलाय? मापाला पाहिजे."

तात्या लगबगीनं उठून पडवीमागे गेले.

दुपारपर्यंत नवा पत्रा आला. रोहित शिडीवर, तात्या खाली शिडी धरून. पत्रा बसला, पण वाऱ्यानं पुन्हा उडू नये म्हणून वर वजन हवं होतं. इकडचे लोक पत्र्यावर दगड ठेवतात. रोहितनं दगड मागितला. तात्या दगड आणायला निघाले, अर्ध्यात थांबले, आणि डिकीतून जुना टायर काढून आणला.

"हा घे. दगडापरीस बरा. घसरत न्हाई."

टायर वर गेला. पत्र्याच्या मधोमध आडवा पडला, भेगांची बाजू आकाशाकडे करून.

रत्नाबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "आता त्याला तेल घालाय वर चढू नका म्हंजे झालं," त्या म्हणाल्या.

"त्याचं काम आता उन्हात पडायचंच हाय," तात्या म्हणाले.

ऊन कलायला लागलं. रोज याच वेळी ते गोठ्यात शिरायचं. तात्या गव्हाणीपाशी बसून राहिले. उन्हाची कड अंगणातून सरकत सरकत आली, गोठ्याच्या तोंडाशी पोचली आणि नव्या चाकाच्या बरीच अलीकडे थांबली. ती आणखी पुढे येते का हे बघत ते काही वेळ बसले. आली नाही.

मग ते उठले. गव्हाणीमागची जळक्या ऑइलची बाटली काढली आणि उंबऱ्याकडे गेले. उंबरा खरंच तडकला होता, आणि लाकडाला जळकं ऑइलही चालतं. बाटली उघडता उघडता त्यांनी आत हाक मारली,

"गौतमे, सकाळच्याला हरभऱ्याचा डहाळा काढून ठेव गं पिशवीत. उशिराच्या पेऱ्याचा शेवटचाच ऱ्हायलाय. सुसला न्यायचाय."